अठरा एप्रिल : एका तारखेची शंभर वर्षे

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन दरवर्षी १८ एप्रिलला असतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा हा जन्मदिवस, म्हणून मंडळाच्या पहिल्या कार्यकारिणीने तो मुद्दाम ठरवला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अण्णांच्या तसबिरीला हार घालावा, अहवाल वाचावा, अल्पोपाहार व्हावा आणि दिवस साजरा झाला असे म्हणावे, असा आपला परिपाठ. परंतु याच तारखेला निरनिराळ्या साली आपल्या देशात आणि देशाबाहेर किती मोठमोठ्या गोष्टी घडून गेल्या, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हाच विषय घ्यावा असे मला वाटले.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्या घरात काळाचे दोन हिशेब चालतात. सणवार, व्रतवैकल्ये, श्राद्धपक्ष हे तिथीने आणि दुधाचा रतीब, शाळेची फी, पगार हे तारखेने. मी पुढे ज्या गोष्टी सांगणार आहे, त्या तिथीने पाहिल्या तर एका दिवशी येणारच नाहीत. कोणी चैत्रात जाईल, कोणी वैशाखात. तेव्हा यात ग्रहयोग शोधू नये. तारीख ही भिंतीतल्या खुंटीसारखी असते. खुंटी काही करत नाही. तिच्यावर कोणी काय अडकवून ठेवले, तेवढेच पाहायचे. पण एकाच खुंटीवरच्या वस्तू एकत्र पाहिल्या म्हणजे घरात कोण कोण राहून गेले, ते मात्र कळते.

अण्णांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यामुळे ही सारी हकिगत त्यांच्या वाढदिवसांवर मोजता येते, आणि मीही ती तशीच सांगणार आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, त्यांच्या आजोळी झाला. कर्व्यांचे घराणे मुरुडचे. जन्माच्या दिवशी मूल काहीच पराक्रम करत नाही. त्या दिवशी जे काही सोसायचे, ते त्याची आई सोसते. म्हणून थोर पुरुषांच्या जयंत्या साजऱ्या करताना तो दिवस त्यांच्या मातांचाही आहे, हे आपण बायकांनी तरी विसरू नये. कोकणातल्या त्या लहानशा गावात बाळंतिणीची शेक-शेगडी चालली असेल, तेव्हा उत्तरेत युद्धाचा वणवा पेटलेला होता. दोनच आठवड्यांपूर्वी झाशीचा किल्ला पडला होता आणि राणी लक्ष्मीबाई आपल्या दत्तक मुलाला घेऊन काल्पीच्या वाटेला लागली होती.

याच युद्धाचा एक मोहरा बरोबर वर्षाने, १८ एप्रिल १८५९ रोजी, फासावर गेला. त्या दिवशी अण्णा एक वर्षाचे झाले होते. हा मोहरा म्हणजे तात्या टोपे. त्यांचे खरे नाव रामचंद्र पांडुरंग. घराणे नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचे. पेशवाई बुडाल्यावर दुसरे बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला जाऊन राहिले. त्यांच्या आश्रयाला तात्यांचे वडील गेले आणि तात्या तेथेच नानासाहेबांबरोबर वाढले. १८५७ साली बंड उठले तेव्हा नानासाहेबांच्या फौजेचा भार तात्यांवर आला. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी कानपूरला इंग्रज सेनापती विंडहॅम याला मागे रेटले. पुढे झाशीला वेढा पडला असता राणीच्या सुटकेसाठी ते धावून गेले, पण बेतवा नदीच्या काठी त्यांचा पराभव झाला. जून १८५८ मध्ये राणी आणि तात्या यांनी मिळून ग्वाल्हेर घेतले, आणि त्याच महिन्यात राणी रणात पडली.

तात्यांचे खरे मोठेपण यानंतरचे आहे असे मला वाटते. राणी गेली, दिल्ली पडली, लखनौ पडले, मोठमोठे राजे इंग्रजांना मिळाले. अशा वेळी हा मनुष्य दहा महिने रानोमाळ फिरत लढत राहिला. राजपुताना, माळवा, बुंदेलखंड असे करीत ऑक्टोबर १८५८ मध्ये त्यांनी नर्मदा ओलांडली. मराठी मुलखात पुन्हा पेशव्यांचे निशाण आले तर काय होईल, या भीतीने इंग्रजांची झोप उडाली. पण दक्षिणेतून साथ आली नाही. आपलीच माणसे उठली नाहीत, हे दुःख तात्यांनी कसे सोसले असेल! अखेर नरवरच्या मानसिंगाने विश्वासघात केला. पाडोणच्या जंगलात झोपेत असताना ७ एप्रिलच्या रात्री त्यांना धरले गेले, शिवपुरीला लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि १८ एप्रिलला फाशी दिले. आपण जे केले ते आपल्या धन्याच्या हुकमाने केले, इंग्रजांची आपण चाकरी केलेली नव्हती, असा त्यांच्या जबाबाचा आशय होता.

यापुढची खूण चाळीसाव्या वाढदिवसाची आहे. पण मधल्या काळात शेरवलीचे ते मूल काय करीत होते, ते आधी पाहिले पाहिजे.

मुरुडला पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस बसण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर पायी निघाला. घाट चढून, पावसापाण्यातून चार दिवस चालत तो साताऱ्याला पोचला. तेथे परीक्षा घेणाऱ्या कमिटीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले. अंगाने तो किरकोळ. सतरा वर्षांचा दिसत नाही असे म्हणून त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. एवढी पायपीट करून मुलगा हात हलवीत परत आला. आम्ही सातवीला थांबलो त्याची कितीतरी कारणे आम्ही आजवर सांगत आलो. घर दूर होते, धाकटी भावंडे होती, लग्न ठरले होते. ती कारणे खोटी नाहीत. पण ही साताऱ्याची हकिगत वाचल्यापासून ती सांगताना माझी जीभ जरा अडखळते. त्या मुलाने पुढच्या साली ती परीक्षा दिली, मुंबईस जाऊन बी.ए. केले आणि १८९१ साली तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला.

त्याच साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली. विधुर पुरुषाने कुमारिकेशी लग्न करावे, ही त्या काळची रीत. वधू दहा-बारा वर्षांची असली तरी कोणी बोट उचलत नसे. विधवेला मात्र दुसऱ्या लग्नाचा विचारही पाप होता. अण्णांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केले. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या होत. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि सर्वजण त्यांना बाया म्हणू लागले. मुरुडच्या लोकांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला. पुनर्विवाह केला म्हणून अण्णांचे नाव आपण घेतो; पण त्या लग्नाला उभे राहण्यास गोदूबाईंना किती धैर्य लागले असेल, त्याची मोजदाद कोणी केली? पुरुषाला गाव नावे ठेवते, बाईला घरातले आणि दारातले दोघेही ठेवतात.

१८९६ साली अण्णांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि लगेच पुण्यावर प्लेगची धाड आली.

याच प्लेगात आपली दुसरी अठरा एप्रिल दडलेली आहे. १८९७ च्या आरंभी रोगाने थैमान मांडले तेव्हा सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याला प्लेग कमिटीचा प्रमुख नेमले. साथ आवरण्यासाठी घरे तपासणे जरूर होते हे खरे. पण ते काम गोऱ्या सोजिरांच्या हाती दिले गेले. ते बुटासकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, सामानसुमान रस्त्यावर काढून जाळत, बायकांची तपासणी करताना लाजलज्जेची पर्वा करीत नसत. दुखणेकऱ्याला ओढून इस्पितळात नेत आणि मागे राहिलेल्यांना वेगळ्या छावणीत धाडत. अलीकडच्या करोनाच्या साथीत आपण सर्वांनी दार बंद करून घेण्याची वेळ अनुभवली आहे, म्हणून त्या दिवसांतल्या भयाची कल्पना आपल्याला थोडीफार करता येते. पण रोगाची भीती आणि पहारेकऱ्याची भीती अशी दुहेरी भीती पुण्याच्या बायाबापड्यांनी सोसली.

चिंचवडच्या चापेकर बंधूंना हे सहन झाले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यातून परतत असताना त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच्यामागून येणारा आयर्स्ट हा अधिकारीही मारला गेला. रँड काही दिवसांनी मरण पावला. थोरले बंधू दामोदर हरी चापेकर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव आणि बाळकृष्ण हे दोघे भाऊ आणि त्यांचे सोबती महादेव रानडे हेही फासावर गेले. एका आईचे तीन मुलगे तेरा महिन्यांत गेले! इतिहासात तिच्यासाठी दोन ओळीही नसतात. तिने नंतरचे दिवस कसे काढले, चूल पेटवताना तिच्या मनात काय येत होते, हे कोणत्या पुस्तकात शोधावे?

त्याच प्लेगातला आणखी एक मृत्यू येथे सांगितलाच पाहिजे, जरी त्याची तारीख वेगळी आहे. रँडवर गोळी झाडली जाण्याच्या तीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी पुण्याबाहेर रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. तेथे एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून नेले, आणि रोगाने त्यांनाही गाठले. साथ एकच, शहर एकच. एकाने अन्यायाचा सूड घेतला आणि एकीने रोग्याला पाठीवर घेतले. दोघांनीही त्यापायी प्राण दिले. कोण मोठे असे मी विचारत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, शाळेत आम्हाला रँडची गोष्ट गोळीच्या आवाजासकट सांगितली गेली, पण ही दुसरी गोष्ट मला कितीतरी वर्षांनी कळली.

दामोदरपंतांना फाशी झाली त्या दिवशी अण्णांना चाळीस वर्षे पूर्ण झाली. थोड्याशा विधवा मुली, थोडीशी वर्गणी आणि भोवती प्लेग, असा त्यांचा तेव्हाचा संसार होता. प्लेग आणि गावातला विरोध यामुळे १९०० साली त्यांनी आश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी जागा दिली आणि तेथे एक झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि मग हिंगण्याची वाट पायी तुडवायची, असा अण्णांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. या झोपडीच्या कामात बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांनी स्वतःला वाहून घेतले. त्या विधवा होत्या, पदरी मुलगा होता. गावोगाव हिंडून त्यांनी आश्रमासाठी वर्गणी जमवली. पुढे इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेसाठी पैसा मिळवण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे त्यांनी परक्यांच्या घरी घरकाम केले. त्यांनी आपली हकिगत ‘माझी कहाणी’ या पुस्तकात लिहून ठेवली. बायांनीही ‘माझे पुराण’ लिहिले. ही दोन्ही पुस्तके आपल्या मंडळाच्या कपाटात असावीत अशी माझी सूचना आहे.

१९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ सुरू केले. पहिल्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि आपल्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला दिले. आज एस.एन.डी.टी. असे आपण झटकन म्हणतो, पण ती अक्षरे म्हणजे एका आईचे नाव आहे.

अण्णांचा बहात्तरावा वाढदिवस १८ एप्रिल १९३० रोजी आला. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये ते जगाच्या प्रवासाला निघाले होते आणि वर्षभर अनेक देशांत स्त्रीशिक्षणाविषयी बोलून नुकतेच परतले होते. देशात मिठाचा सत्याग्रह चालू होता. गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलले त्याला बारा दिवस झाले होते. त्या रात्री दूर पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशातल्या चितगावला, निराळाच प्रकार घडला. सूर्य सेन नावाच्या एका शाळामास्तराच्या नेतृत्वाखाली साठांहून अधिक तरुणांनी दोन शस्त्रागारांवर एकाच वेळी छापे घातले. तारघर आणि टेलिफोन तोडून टाकले. गोऱ्यांच्या क्लबावरही हल्ला करायचा होता, पण तो दिवस गुड फ्रायडेचा असल्यामुळे क्लब रिकामा होता. बंदुका मिळाल्या, पण काडतुसे सापडली नाहीत. तरी त्यांनी झेंडा उभारला आणि स्वतंत्र सरकार स्थापन झाल्याचे जाहीर केले. चारच दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर फौजेशी लढताना त्यांतले बाराजण पडले. सूर्य सेन यांना १९३४ च्या जानेवारीत फाशी झाली.

त्या अठरा एप्रिलच्या रात्री या तुकडीत एकही स्त्री नव्हती. बायका पुढे आल्या. कल्पना दत्त आणि प्रीतिलता वद्देदार या दोघी सुशिक्षित मुली सूर्य सेन यांना येऊन मिळाल्या. प्रीतिलता कलकत्त्याच्या बेथ्यून कॉलेजात शिकलेली आणि चितगावच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी. सप्टेंबर १९३२ मध्ये पहाडतळीच्या गोऱ्यांच्या क्लबावर जो हल्ला झाला, त्याचे नेतृत्व तिने पुरुषी वेषात केले. जखमी झाल्यावर शत्रूच्या हाती सापडू नये म्हणून तिने विष घेतले. वय अवघे एकवीस. कल्पनाला जन्मठेप झाली आणि १९३९ साली ती सुटली. प्रीतिलताची एक गोष्ट वाचून मात्र माझे डोळे भरून आले. तिने कॉलेजचा अभ्यास पुरा केला होता, पण इंग्रज सरकारने तिची पदवी अडवून ठेवली. ती पदवी कलकत्ता विद्यापीठाने २०१२ साली दिली. मुलगी जाऊन ऐंशी वर्षे झाली तेव्हा तिच्या नावाचा कागद निघाला! अण्णा आपल्या विद्यापीठासाठी ज्या कागदाच्या मोलाविषयी जगभर सांगत होते, तो कागद मिळवायला एका मुलीला इतका काळ लागला.

स्वराज्य आले. अण्णा थकले, पण बसले नाहीत. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाव्यात म्हणून त्यांनी म्हातारपणी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. त्यांचा त्र्याण्णवावा वाढदिवस १८ एप्रिल १९५१ रोजी होता. त्या दिवशी तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्ली गावी दुसरे एक चालणारे मराठी गृहस्थ येऊन उतरले होते. ते म्हणजे विनोबा भावे, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजेना, म्हणून ज्यांनी पुढे मराठीत ‘गीताई’ लिहिली, तेच हे विनोबा. तेलंगणात त्या वेळी जमिनीवरून रक्तपात चालला होता. पोचमपल्लीच्या चाळीस दलित कुटुंबांनी विनोबांना सांगितले की, आम्हाला ऐंशी एकर जमीन मिळाली तर आम्ही कष्ट करून खाऊ. विनोबांनी सभेत विचारले, गावातले कोणी देईल का? तेव्हा रामचंद्र रेड्डी उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागितली त्याहून वीस एकर जास्त! त्यातून भूदान सुरू झाले. विनोबा तेरा वर्षे पायी हिंडले आणि चाळीस लाखांहून अधिक एकर जमिनीची दानपत्रे झाली.

यातील पुष्कळशी जमीन नापीक निघाली आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही खरे आहे आणि ते लपवू नये. आपण बायकांनी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. वाटलेली जमीन कोणाच्या नावावर लागली? शेतात वाकणारी कंबर बहुतेक बाईची, आणि सातबारावर नाव बहुतेक पुरुषाचे. शेतकरी संघटनेने पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि घरच्या लक्ष्मीच्या नावाने जमीन करून द्या असे शेतकऱ्यांना सांगितले, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रात मोठ्याने विचारला गेला. अजूनही तो संपला आहे असे मला वाटत नाही.

१८ एप्रिल १९५५ रोजी अण्णा सत्त्याण्णव वर्षांचे झाले. त्या दिवशी इंडोनेशियातल्या बांडुंग शहरी आशिया आणि आफ्रिका खंडांतल्या २९ देशांची परिषद भरली. त्यांतले कितीतरी देश नुकतेच पारतंत्र्यातून मोकळे झाले होते. आपले पंडित नेहरू तेथे होते. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्णो यांनी उद्‌घाटनाच्या भाषणात, माझ्या या लेखासारखीच, तारखेची आठवण काढली. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री पॉल रिव्हीअर नावाचा अमेरिकन कारागीर घोड्यावर बसून, इंग्रज फौज येत आहे अशी खबर गावोगाव देत गेला आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागले. त्याला आज १८० वर्षे झाली असे सांगून, ती लढाई अजून संपलेली नाही, असे सुकार्णो म्हणाले. आणि त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत, प्रिन्स्टनला, थोर शास्त्रज्ञ आइनस्टाइन वारले. अण्वस्त्रांविरुद्ध जगाला इशारा देणाऱ्या पत्रकावर त्यांनी आठवडाभर आधीच सही केली होती.

आणि मग १८ एप्रिल १९५८ आली. अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर मोठी सभा झाली, पंडित नेहरू आले. सरकारने त्याच दिवशी अण्णांचे तिकीट काढले. हयात माणसाचे चित्र टपालाच्या तिकिटावर येणे ही आपल्या देशात तेव्हा नवलाची गोष्ट होती. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. साताऱ्याच्या कमिटीने लहान म्हणून परत पाठवलेला मुलगा, मुरुडने वाळीत टाकलेला मनुष्य, आणि त्याच्यासाठी हजारो लोक उभे! ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णांनी देह ठेवला.

भगिनींनो, आता या सगळ्या खुंट्यांकडे एकदा नीट पाहा. फाशी, छापा, परिषद, मृत्यू यांना तारीख असते. ज्या कामाला एका क्षणाचा गजर असतो, ते इतिहासाच्या वहीत लगेच टिपले जाते. पण हिंगण्याच्या झोपडीत एका विधवा मुलीने पहिल्यांदा पाटीवर आपले नाव काढले, तो दिवस कोणता? पार्वतीबाईंनी पहिल्यांदा परक्या दारात उभे राहून वर्गणी मागितली, तो कोणता? चापेकरांच्या आईने तिसऱ्या मुलाची वार्ता ऐकून पुन्हा पदर खोचला, तो कोणता? हे सारे दिवस होते, तितकेच खरे होते. फक्त कोणी लिहून ठेवले नाहीत. अण्णांचे मोठेपण मला असे दिसते की, तारीख नसलेल्या कामाला त्यांनी सारा जन्म दिला. त्यांच्या नावावर एकच मोठी तारीख आहे, ती जन्माची, आणि ती तर त्यांच्या हातची नव्हे. बाकी सारे रोजचे चालणे.

तात्या टोपे आणि दामोदर चापेकर यांच्या बलिदानाला मी रतिमात्र कमी लेखत नाही. त्यांच्यासारखे मरण सर्वांना येत नाही आणि येऊही नये. पण रोजचे चालणे आपल्यापैकी प्रत्येकीला जमण्यासारखे आहे. १९८३ सालापासून १८ एप्रिल हा जगभर वारसा दिन म्हणूनही पाळला जातो. जुने किल्ले, लेणी, मंदिरे यांची निगा राखण्याचा तो दिवस. बायकांच्या कामाला दगडाची भिंत नसते, म्हणून त्याची निगा वहीने राखावी लागते.

यासाठी कार्यकारिणीपुढे मी एक साधी विनंती ठेवते. मंडळाने यंदाच्या वर्धापनदिनापासून एक जाड बांधणीची वही घालावी. मंडळ ज्यांनी काढले त्या पहिल्या सभासदांपैकी ज्या हयात आहेत, त्यांच्याकडे दोघीदोघींनी जाऊन त्यांच्या आठवणी तारखेसह लिहून घ्याव्यात. शिवणवर्ग कोणत्या दिवशी सुरू झाला, पहिले यंत्र कोणाच्या वर्गणीतून आले, आपल्या साक्षरता वर्गात कोणी कोणत्या दिवशी अंगठा सोडून सही केली, कोणाच्या नावावर घर किंवा शेत लागले, हे सारे त्या वहीत यावे. नाव ‘सौ. अमुक’ एवढेच न लिहिता तिचे स्वतःचे पुरे नाव लिहावे. अक्षर चांगले नसले तरी चालेल, शाई मात्र पक्की असावी. पहिल्या चार घरी जाण्याचे काम मी माझ्याकडे घेते. सोबत येणारी एकजण हवी आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमानंतर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.